तारखेवरून तिथी सोपी, तिथीवरून तारीख अवघड: मोडकांची जंत्री आणि उलटा शोध

पायथन शिकायला घेतलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक प्रश्न हमखास पडतो. डिक्शनरीला की दिली की व्हॅल्यू लगेच हातात येते, मग व्हॅल्यू दिली तर की का येत नाही? साधं उदाहरण घेऊ. तालुका ही की आणि जिल्हा ही व्हॅल्यू. करवीर विचारलं की कोल्हापूर, मिरज विचारलं की सांगली. आता उलटं विचारा: कोल्हापूर म्हणजे कोणता तालुका? करवीर, पन्हाळा, कागल, शाहूवाडी, भुदरगड... एक उत्तर नाहीच. आणि घाईघाईत डिक्शनरी उलटी करणारी ती एक ओळ लिहिली (सगळेच लिहितात), तर कोल्हापूरसमोर यादीत शेवटी आलेला एकच तालुका उरतो. बाकीचे गुपचूप पुसले जातात. एरर येत नाही, प्रोग्रॅम छान चालतो. खरा धोका तो तिथेच आहे.

कोर्सवर्कमध्ये हे पाच मिनिटांत उरकलं जातं: लूप लावा, जुळणाऱ्या सगळ्या की एका लिस्टमध्ये गोळा करा, झालं. पण हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा आहे आणि मराठी कागदपत्रांवर काम करणाऱ्यांनी त्याच्याशी शंभर-सव्वाशे वर्षं झुंज दिली आहे. त्यातला एक महत्त्वाचा माणूस आपल्या कोल्हापूरचा, आणि तोही विज्ञानाचा मास्तर. म्हणून हा लेख. इतिहासात पीएचडी करणाऱ्यांनी कोडचा भाग सोडून वाचला तरी चालेल, आणि संगणकवाल्यांनी मात्र इतिहासाचा भाग सोडू नये.

आधी शब्दकोशाचंच बघू, कारण 'डिक्शनरी' हे नाव तिथूनच आलंय. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. मराठी शब्द ही की, इंग्रजी अर्थ ही व्हॅल्यू. आता इंग्रजीवरून मराठी शब्द हवा असेल तर? हाच कोश उलटा करून काम भागलं असतं, तर वर्षा-दोन वर्षांत दुसरा कोश हाती आला असता. प्रत्यक्षात मोल्सवर्थने सुरू केलेला आणि थॉमस कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली बाहेर पडला. सोळा वर्षं! कारण एका इंग्रजी अर्थाकडे वीस मराठी शब्द बोट दाखवत असतात आणि त्या विसांपैकी कोणता कुठे चालतो हे मूळ कोशात तशा रचनेने लिहिलेलंच नसतं. उलटा कोश हे नवं पुस्तक असतं. मोल्सवर्थच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. त्यातून 'राग' या अर्थाचे सगळे शब्द काढा असं कोणी सांगितलं, तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याला पर्याय नाही. लूप म्हणजे तेच.

आता जंत्री. बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवायचे. रसायन आणि पदार्थविज्ञानावर मराठीत पुस्तकं लिहिणाऱ्या पहिल्या पिढीतले ते. पण त्यांना इतिहासाचाही नाद होता. कोल्हापूरचा आणि दक्षिणेतल्या राज्यांचा इतिहास त्यांनी लिहिला. आणि इतिहास लिहायला बसल्यावर जुन्या कागदांवरच्या मित्यांचं काय करायचं हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच असणार. त्यांनी जंत्री तयार केली: शके १६५० ते १८११, म्हणजे इ.स. १७२८ ते १८८९. शकाच्या मित्या, इसवी तारखा, मुसलमानी तारखा समोरासमोर. वारणेचा तह १३ एप्रिल १७३१ चा. म्हणजे सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची वाटणी अधिकृत झाली त्याच्या तीन वर्षं आधीपासून ते मोडकांच्या स्वतःच्या काळापर्यंत, कोल्हापूर संस्थानाचा सगळा जीवनकाळ या एका कोष्टकात बसतो. हा योगायोग असेलही, पण कोल्हापूरच्या दप्तरावर काम करणाऱ्याला तो फार सोयीचा आहे. त्याआधीच्या शिवकाळासाठी पुढे गणेश सखाराम खरे यांची जंत्री भारत इतिहास संशोधक मंडळाने काढली. अभ्यासक अजूनही या दोन्हींना नुसतं 'मोडक' आणि 'खरे' म्हणतात. 'मोडकात बघितलंस का?' असा प्रश्न मोडी वाचणाऱ्यांच्या तोंडी सहज असतो.

मोडकांच्या जंत्रीत साधारण ५९ हजार दिवस आहेत. मोल्सवर्थच्या शब्दांइतकेच जवळजवळ. मग मोल्सवर्थ उलटा वाचता येत नाही आणि जंत्री दोन्ही बाजूंनी वाचता येते, असं का?

उत्तर क्रमात आहे. कोशात शब्द अकारविल्हे लावलेले असतात, पण अर्थांना असा क्रम नसतो. 'अ' वरचे अर्थ आणि 'आ' वरचे अर्थ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. जंत्रीत मात्र शक पुढे सरकतो तसा इसवी सन पुढे सरकतो, हिजरी सन पुढे सरकतो. सगळे रकाने एकाच दिशेने वाढतात. म्हणून कुठल्याही रकान्यातून आत शिरा, साल गाठा, महिना गाठा, दिवस गाठा, की तुम्ही त्याच ओळीवर पोहोचता. संगणकाच्या भाषेत सांगायचं तर फलन सतत वाढतं असेल तर त्याचा व्यस्त शोधायला पूर्ण लूप लागत नाही, अर्ध्यावर भागत भागत जाता येतं. पायथनच्या डिक्शनरीत ही चैन नाही, कारण ती हॅश टेबलवर चालते आणि हॅशला लहान-मोठं कळत नाही. की दिली की थेट जागेवर उडी, व्हॅल्यू दिली की अख्ख्या गावात दवंडी.

पण रकाने 'एकाच दिशेने वाढतात' हे मी जरा सफाईने सांगितलं. बारकाईने बघितलं तर मधे मधे खाचा आहेत, आणि संशोधन त्या खाचांतच अडकतं.

पहिली खाच तिथीची. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी कधी १९-२० तासांची असते, कधी २६ तासांहूनही मोठी. आणि पंचांगाचा नियम असा की सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. त्यामुळे दिवस सांगितला तर तिथी एकच निघते, यात शंका नाही. पण तिथी सांगितली तर? एखादी छोटी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधी संपते, तिला दिवसच मिळत नाही. हा क्षय. एखादी लांबलचक तिथी दोन सूर्योदय गाठते, तिला दोन दिवस मिळतात. ही वृद्धी. म्हणजे तिथीवरून तारीख शोधली तर उत्तरं शून्य, एक किंवा दोन. तालुक्याच्या उदाहरणातली अडचण आणि 'की सापडली नाही' हा एरर, दोन्ही आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात दर वर्षी अनेकदा असतात. आपण कधी तसं बघत नाही इतकंच. वर अधिक मास आहेच, १९ वर्षांत ७ वेळा. कागदावर नुसता 'श्रावण' लिहिला आणि त्या साली अधिक श्रावण असेल, तर अख्खा महिना दुहेरी.

दुसरी खाच जास्त रंजक आहे आणि तिच्याबद्दल वर्गात फारसं कोणी सांगत नाही, म्हणून तिथे थोडा थांबतो.

पेशवाईतल्या मोडी पत्रांवर तारीख बहुधा अशी असते: 'छ' म्हणजे चंद्र, मग आकडा, मग मुसलमानी महिना, आणि साल असेल तर शुहूर सन, तोही अरबी शब्दांत. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सित सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ, अशर दहा. पुढे अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. हे पाठच करा, पर्याय नाही. पानिपतचं साल 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. त्यात जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवा. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं, म्हणून ६००. जुळलं.

(लेखकू पुष्कळदा शतक-सहस्र गाळतो आणि नुसतं 'इहिदे सितैन' लिहितो. मग १०६१ की ११६१, म्हणजे शिवाजी महाराज की नानासाहेब पेशवे, हे अक्षरावरून आणि मजकुरावरून ठरवावं लागतं. सबा आणि सबैन, सित आणि सितैन यांची मोडीतली गल्लत तर विचारूच नका.)

आता गंमत बघा. शुहूर सन सौर आहे. सूर्य मृग नक्षत्रात गेला की नवं साल, म्हणूनच त्याला मृगसाल म्हणायचे. आपल्याकडे शेतकरी अजून मृगावरच पेरणीचा हिशेब धरतो, तोच हा मृग. पण त्याच तारखेतला महिना मात्र हिजरी, चांद्र. सौर वर्ष ३६५ दिवसांचं, चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं. म्हणजे एका शुहूर सालात बारा मुसलमानी महिने पुरे होऊन वर दहा-बारा दिवस उरतात, आणि त्या दिवसांना तेच महिने, तेच आकडे पुन्हा मिळतात. थोडक्यात, प्रत्येक शुहूर सालात सुमारे अकरा तारखा दोनदा येतात. एकदा सालाच्या अगदी सुरुवातीला, एकदा अगदी शेवटी.

उदाहरण पानिपतच्याच सालाचं. शुहूर ११६१ साधारण १७६० च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला. त्या सालातली 'छ २२ सवाल' कोणती? हिशेबाने एक येते ७ जून १७६० च्या सुमाराला, दुसरी २७ मे १७६१ च्या सुमाराला. कागदावर दोन्ही अक्षरशः सारख्या: तोच चंद्र, तोच महिना, तेच साल. पहिल्या तारखेला सदाशिवराव भाऊ फौज घेऊन उत्तरेच्या वाटेवर आहेत. दुसऱ्या तारखेला पानिपत होऊन चार महिने उलटलेत आणि भाऊ नाहीत.

पत्रात भाऊंचा उल्लेख असेल तर प्रश्न मिटला. पण समजा पत्र साधं आहे: सावकाराचा तगादा, किंवा धान्याचे भाव. तुमच्या प्रबंधाचा विषय 'पानिपतनंतरची आर्थिक ओढाताण' असेल आणि ते पत्र तुम्ही १७६१ च्या खात्यात टाकलं, तर युद्धाआधीची टंचाई तुम्ही युद्धाचा परिणाम म्हणून दाखवून बसाल. जंत्रीची चूक नाही, लेखकूची नाही, मोडी वाचणाऱ्याचीही नाही. व्हॅल्यूवरून की काढताना दोन की होत्या आणि आपण एकच घेतली.

आणि इथे पायथनची ती एक ओळ आठवा. दिवस ही की आणि 'चंद्र, महिना, शुहूर साल' ही व्हॅल्यू अशी डिक्शनरी करून ती उलटी केली, तर दुहेरी तारखांपैकी कोणती उरते? शेवटची. म्हणजे २७ मे १७६१. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम अशा प्रत्येक पत्राला सालाच्या शेवटी ढकलतो, एकही अपवाद न करता, एकही इशारा न देता. एका सालातल्या अकरा तारखा दुहेरी म्हणजे बावीस दिवस संशयित. पत्रं वर्षभर सारखी विखुरलेली धरली तर १०० पैकी ६ पत्रांची तारीख अशी दुहेरी निघेल, आणि त्यातली निम्मी जवळजवळ वर्षभराने चुकतील. दिवसा-दोन दिवसांची चूक असती तर कोणी मनावर घेतलं नसतं. ही चूक कधीच लहान नसते, ती नेहमी ३५४ किंवा ३५५ दिवसांचीच असते. दोन-तीन हजार पत्रांचा आलेख काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. हाताने जंत्री बघणारा जुना अभ्यासक इथे आपल्यापेक्षा सुरक्षित होता, कारण सालाचं पान उघडलं की दोन्ही टोकं त्याच्या नजरेसमोर असायची.

मग सोडवायचं कसं? वार. कागदावर वार लिहिला असेल तर तो सोन्यासारखा जपा. ३५४ ला ७ ने भागलं तर बाकी ४, ३५५ ला भागलं तर ५. बाकी शून्य कधीच नाही. म्हणजे दुहेरी तारखांचे वार कधीच सारखे नसतात. वरच्या उदाहरणात ७ जून १७६० हा शनिवार आणि २७ मे १७६१ हा बुधवार. पत्रावर 'मंदवार' असेल तर पहिली, 'सौम्यवार' असेल तर दुसरी.

पण थांबा, अजून एक बारकावा. मुसलमानी महिना चंद्रदर्शनाने सुरू होतो, त्यामुळे कोष्टकातली तारीख आणि त्या गावात प्रत्यक्ष लिहिलेली तारीख यांत एका दिवसाचा फरक पडू शकतो. म्हणून वार जुळवताना एक दिवस मागे, एक दिवस पुढे अशी सूट द्यावी लागते. ३५४ दिवसांचं अंतर असेल तर शनिवारच्या दावेदाराला शुक्र-शनि-रवि आणि बुधवारच्या दावेदाराला मंगळ-बुध-गुरु मिळतात, टक्कर होत नाही. अंतर ३५५ दिवसांचं असेल तर मात्र शुक्र-शनि-रवि विरुद्ध बुध-गुरु-शुक्र, आणि शुक्रवार दोघांच्या वाट्याला येतो. अशा वेळी वारानेही सुटत नाही. मजकूर वाचायचा, नाहीतर दोन्ही तारखा लिहून ठेवायच्या.

संवत्सराचं नाव याच जातीचं, फक्त फेरा मोठा. शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी जितकी तितकं संवत्सर. शके १६८२ + १२ = १६९४, बाकी १४, चौदावं विक्रम. पानिपतचं संवत्सर विक्रमच. शके १५९६ ला बाकी ४८, आनंद, राज्याभिषेकाचं. शकावरून संवत्सर एका ओळीत निघतं, संवत्सरावरून शक मात्र दर ६० वर्षांनी एक असे कितीही. एकटं संवत्सर म्हणूनच निरुपयोगी, पण शकाशेजारी लिहिलेलं असेल तर उत्तम साक्षीदार. शक आणि संवत्सर जुळत नसतील तर नक्कल करताना कुणीतरी आकडा चुकवलाय असा संशय घ्यायला हरकत नाही. जुने लेखक शक, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार, कधी नक्षत्रही असं सगळं का लिहायचे याचं एक उत्तर यात आहे. आपल्याला तो पाल्हाळ वाटतो. डेटाबेसवाल्याला विचारा, तो त्याला तपासणीची सोय म्हणेल.

शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचा वाद या दृष्टीने पुन्हा बघण्यासारखा आहे. बखरींच्या आधारे वैशाख शुद्ध २ शके १५४९ (६ एप्रिल १६२७) ही तिथी पूर्वी धरली जायची. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात फाल्गुन वद्य ३ शके १५५१, वार शुक्रवार, नक्षत्र हस्त, असं निघालं. शके १५५१ ला बाकी ३, संवत्सर शुक्ल. तारीख येते १९ फेब्रुवारी १६३०, आणि तो शुक्रवारच आहे. आज शासनाची शिवजयंती याच तारखेला असते. मात्र गणिताने काय सिद्ध होतं आणि काय नाही हे नीट वेगळं ठेवा. वार जुळला म्हणजे नोंद करणाऱ्याने पंचांग नीट बघितलं होतं, आकडे मधे बिघडले नाहीत, एवढंच. त्या दिवशी जन्म झाला हे ठरवायला इतर साधनं लागतात, ती इतिहासकारांनी लावली आणि त्यावर भांडलेही भरपूर. विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्यासारख्यांची खोड अशी की बेरीज जुळली की खटला संपला असं वाटतं.

बरं, ती १९ फेब्रुवारी तरी कोणत्या पंचांगाची? ज्युलियन. आज जे ग्रेगोरियन आपण वापरतो त्याप्रमाणे तो दिवस १ मार्च १६३० येतो. पोर्तुगालने नवं पंचांग १५८२ मध्येच घेतलं, इंग्रजांनी १७५२ पर्यंत लांबवलं. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. म्हणजे शिवकाळात सुरतेचा इंग्रज आणि गोव्याचा पोर्तुगीज एकाच दिवसाला दहा दिवसांच्या अंतराने दोन तारखा लिहीत होते. शिवाय तेव्हाच्या इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे त्यांच्या वहीत फेब्रुवारी १६३० हा १६२९ म्हणून पडतो. 'इसवी तारीख' हा एक रकाना समजून कोड लिहिणाऱ्याने निदान दोन रकाने करावेत.

राज्याभिषेकाची मिती तर दिवस कुठे सुरू होतो यावरच फिरते. आपण सगळे ज्येष्ठ शुद्ध १३ म्हणतो, ६ जून १६७४. जेधे शकावलीत मात्र ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, तीन घटका रात्र उरली असताना, अशी नोंद आहे. ६ जूनला तर शनिवार होता! चुकलं कोण? कोणीच नाही. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटं, म्हणजे सूर्योदय अजून व्हायचाय. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला बदलतो, म्हणून वार अजून शुक्रवार आणि दिवसाची तिथी द्वादशी. इंग्रजी दिवस मध्यरात्रीच बदललेला, म्हणून समारंभाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या हिशेबाने ६ जून, शनिवार. आणि मुसलमानी दिवस तर आदल्या सूर्यास्तालाच बदलून गेला. दोन जंत्र्यांच्या ओळी समोरासमोर ठेवताना आपण धरून चालतो की दोन्हींच्या ओळी सारख्याच जागी तुटतात. तसं नाहीये.

मोडकांनंतर सात वर्षांनी, १८९६ साली, रॉबर्ट सिवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचं भारतीय पंचांगावरचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. त्याच साली दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र'ही आला. सिवेल-दीक्षितांनी वेगळा रस्ता घेतला: प्रत्येक दिवस छापायचा नाही, वर्षाचे मूळ आकडे आणि गणिताची रीत द्यायची, बाकी वाचकाने काढावं. १९२२ मध्ये स्वामीकन्नू पिल्लै यांनी पुन्हा सगळं छापायचा मार्ग धरला, सात खंडांत. साठवून ठेवायचं की दर वेळी मोजायचं, हा वाद आज आपण मेमरी आणि वेळ या शब्दांत घालतो. उलट्या शोधासाठी मात्र माझं मत मोडकांच्या बाजूने आहे. रीत बहुतेक वेळा दिवसाकडून तिथीकडे जाते, उलटं जायचं तर अंदाज करून मागेपुढे तपासावं लागतं. छापील कोष्टकात शेजारच्या ओळी आपोआप दिसतात आणि क्षय, वृद्धी, दुहेरी तारीख लपत नाही.

आता कामाचं. मोडी पत्रांची यादी एक्सेलमध्ये किंवा पायथनमध्ये करत असाल, तर मूळ मिती कागदावर आहे तशी एका रकान्यात ठेवा आणि तिला हात लावू नका. अंतर्गत हिशेबासाठी ज्युलियन दिवसक्रमांक वापरा. १५८३ साली स्कॅलिजरने सुचवलेल्या कालगणनेवर बेतलेली ही पद्धत आहे, एका दिवसाला एक आकडा, कोणत्याही धर्माचं किंवा राजाचं पंचांग न मानणारी. उत्तराच्या रकान्यात एक तारीख न ठेवता लिस्ट ठेवा, मग ती रिकामी असो, एकाची असो की दोघांची. वार लिहिलेला असेल तर तो तारखेत न मिसळता वेगळा ठेवा आणि एका दिवसाच्या सुटीने चाळणी लावा. चाळणीनंतरही दोन उरल्या तर दोन्ही राहू द्या. पीएचडीच्या तोंडी परीक्षेत 'या पत्राला दोन तारखा का?' असा प्रश्न आला तर त्याला उत्तर आहे. एकच तारीख लिहून 'ही कशावरून?' असं विचारलं गेलं, तर 'प्रोग्रॅमने दिली' हे सांगावं लागेल.

फसली सनाचं मुद्दाम टाळलं. शुहूरात ९ मिळवले की दख्खनी फसली येतो, दोन्ही मृगालाच बदलतात, त्यामुळे वरवर सोपं वाटतं. पण उत्तरेतल्या फसलीची सुरुवात मृगाला होत नाही आणि ग्वाल्हेर-इंदूरकडून आलेल्या कागदांत तो घोळ सुरू होतो. त्यावर पुढच्या लेखात.